नाणी व जुन्या वस्तूंचा छंद : आधी विषय ठरवा, मग पैसा घाला

जुनी नाणी व जुन्या वस्तू जमविण्याची हौस आपल्या व्यापारी व कारागीर वर्गात पुष्कळ आहे. त्याचे कारणही उघड आहे. जुनी वस्तू घरातून बाहेर पडते ती प्रथम आपल्याच हाती येते. सराफाकडे मोडीत आलेले रुपये, भंगाराच्या दुकानात किलोने आलेली तांब्या-पितळेची भांडी, किराणा दुकानाच्या माळ्यावर पडलेली शेर-पायलीची मापे, सुताराच्या पेटीतले आजोबांचे रंधे, या सर्वांवर पहिली नजर आपली पडते. आवडले ते आपण बाजूला ठेवतो आणि दहा वर्षांनी एक जड पिशवी तयार होते. पिशवी मात्र संग्रह नव्हे.

पिशवीत एक शिवराई असते, दोन राणीचे रुपये असतात, एखादा परदेशी डॉलर असतो, चार खोटी नाणी असतात आणि एक खरोखर दुर्मिळ नाणेही असू शकते. यातले कोणते काय, हे मालकाला सांगता येत नाही. मालक गेल्यावर मुले ती पिशवी सराफाच्या काट्यावर रिकामी करतात. चांदीचे चांदीच्या भावाने जाते, तांब्याचे तांब्याच्या भावाने जाते. माणसाने आयुष्यभर घातलेला पैसा गेला आणि वस्तूंच्या अंगी असलेला इतिहासही वितळला. असे होऊ नये म्हणून या छंदात पहिले काम खरेदीचे नसून विषय ठरविण्याचे आहे. तो कसा ठरवावा, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

विषय कशासाठी?

व्यापारातला एक साधा नियम येथेही लागू पडतो. ज्या मालाची आपल्याला पारख नाही तो माल विकणारा आपल्यापेक्षा नेहमी हुशार ठरतो. जो सर्व काही घेतो, त्याच्यापुढे विकणारा आज मोगल मोहोर ठेवील, उद्या विजयनगरचा होन आणि परवा रोमन नाणे. प्रत्येक वेळी घेणारा नवशिका असतो. याउलट जो म्हणतो, "मी फक्त अमुक एका टांकसाळीची तांब्याची नाणी घेतो," तो दोन-तीन वर्षांत शंभर-दोनशे नाणी हाताळतो. त्यानंतर त्या एका बाबतीत विकणाऱ्यापेक्षा त्यालाच जास्त कळू लागते. विषय म्हणजे नुसती आवड नाही. फसवणुकीविरुद्धचे ते सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.

दुसरा फायदा पैशाचा. सालारजंग तिसरे, म्हणजे मीर युसुफ अली खान, यांनी देशोदेशीच्या वस्तू जमविल्या आणि त्यांतून हैदराबादचे सालारजंग म्युझियम १९५१ साली उघडले. एवढा मोठा पसारा त्यांना शोभला, कारण त्यांची थैलीही तेवढीच मोठी होती. आपल्या थैलीला एकच कोपरा पुरतो. पण तो कोपरा नीट भरला तर जाणकार माणूस मुद्दाम पाहायला येतो.

स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न : मला वाचता येते का? आपल्या वाचकांपैकी अनेकांकडे येथे एक भांडवल पडून आहे, आणि त्याची त्यांना कल्पना नसते. दख्खनच्या सुलतानांची, मोगलांची, निजामाची आणि कित्येक मराठा टांकसाळींचीही नाणी फारसी लिपीत आहेत. पेशवाईतला पुण्याचा अंकुशी रुपया घ्या किंवा चांदवडचा चांदोरी रुपया घ्या, त्यावर मोगल बादशहाचे नाव फारसीतच आढळते. मदरशात किंवा उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला या लिपीची अक्षरे ओळखीची असतात. 'ज़र्ब' म्हणजे कोठे पाडले, 'जुलूस' म्हणजे गादीवर बसल्यापासूनचे वर्ष, आणि 'सन' म्हणजे हिजरी साल. असे दहा-पंधरा शब्द पाठ केले की निम्मे नाणे वाचून होते. हे भांडवल वापरावे.

दुसरा प्रश्न : मला पारखता येते का? सराफाला चांदीचा कस कळतो, तांबटाला ठोकलेले आणि ओतलेले तांबे वेगळे दिसते, सुताराला लाकडाचे वय कळते, कुलूपवाल्याला आतली कळ कळते. आपला धंदा ज्या धातूचा किंवा ज्या कसबाचा, त्याच्या जवळचा विषय घ्यावा. तेथे आपला डोळा आधीच तयार असतो.

तिसरा प्रश्न : माल जवळ मिळतो का आणि परवडतो का? जहांगीर बादशहाची राशिचक्राची नाणी फार सुंदर आहेत. पण ती दुर्मिळ व महाग आहेत आणि त्यांच्या नकलाही अतोनात आहेत. असा विषय घेतला तर वर्षानुवर्षे एकही खरी वस्तू हाती लागणार नाही, आणि हाती काही लागत नसेल तर छंद मरतो. महिन्या-दोन महिन्यांत एखादी तरी वस्तू मिळेल, असा विषय असावा.

एक उदाहरण : चारमिनारची नाणी

वरचे तीन प्रश्न एका विषयाला लावून पाहू. मराठवाड्यातल्या वाचकांना निजामाचे नाणे नवे नाही. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थान भारतात सामील झाल्यावरही हैदराबादचा रुपया भारतीय रुपयाबरोबर काही काळ चालला. सात हैदराबादी रुपयांना सहा भारतीय रुपये असा हिशेब होता. १९५९ साली हे चलन कायमचे बंद झाले. त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या घरांतून ही नाणी आजही निघतात, म्हणजे माल जवळ आहे.

पण 'निजामाची नाणी' हा विषय फार मोठा आहे. तो लहान करावा. हाताने ठोकलेला जुना हाली सिक्का बाजूला ठेवू आणि यंत्रावर पाडलेली, चारमिनारचे चित्र असलेली नाणीच घेऊ. ती सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात, १९०३ च्या सुमारास सुरू झाली आणि सातवे निजाम उस्मान अली खान यांच्या अखेरच्या काळापर्यंत निघाली. दोन राज्यकर्ते आणि साधारण पंचेचाळीस वर्षे, एवढी सीमा झाली. अजून लहान करायचे असेल तर फक्त उस्मान अली खान यांची, म्हणजे १९११ पासूनची घ्यावीत.

आता वाचनाचा फायदा पाहा. न वाचणाऱ्याला ही सगळी नाणी एकसारखी दिसतात. वाचणारा चारमिनारच्या कमानीत पाहतो. तेथे 'मीम' अक्षर असेल तर नाणे महबूब अली खान यांचे, 'ऐन' असेल तर उस्मान अली खान यांचे. उस्मान अली खान यांच्या सुरुवातीच्या नाण्यांवर 'ऐन' एका धाटणीचा आहे, पुढे तो पूर्ण काढलेला आहे. 'निज़ामुल्मुल्क आसफजाह बहादुर' या अक्षरांबरोबर ९२ हा आकडा दिसतो. पुष्कळ लोक ते साल समजतात. ते साल नव्हे. अबजद हिशेबाने 'मुहम्मद' या नावाच्या अक्षरांची ती बेरीज आहे : मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४. दुसऱ्या बाजूला किंमत, टांकसाळ 'हैदराबाद फरखुंदा बुनियाद' आणि जुलूस वर्ष.

हिजरी सनावरून इसवी सन काढण्याची सोपी रीत अशी : हिजरी सनातून शेकडा तीन वजा करावेत आणि ६२२ मिळवावेत. १३४३ मधून सुमारे ४० वजा केले की १३०३ उरतात. त्यात ६२२ मिळविले की १९२५. म्हणजे नाणे १९२४-२५ चे. जुलूस वर्षाचाही ताळा पाहावा. उस्मान अली खान १३२९ च्या रमजानमध्ये गादीवर आले. म्हणून १३४३ सनाच्या नाण्यावर जुलूस १४ किंवा १५ असले पाहिजे. तिसराच आकडा दिसला तर नाणे हातातून खाली ठेवावे आणि पुन्हा विचार करावा.

पारखही सोपी आहे. या रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आहे. इंग्रजी रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. दोन दशांश ग्रॅमपर्यंत दाखविणारा सराफी काटा जवळ असला की फरक लगेच कळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन्ही रुपयांतली चांदी कमी करण्यात आली, तेव्हा त्या वर्षांच्या नाण्यांना जुन्या चांदीचा भाव देऊ नये.

राहिला परवडण्याचा प्रश्न. या मालिकेत सोन्याच्या अशरफ्या आहेत, चांदीचा रुपया, अधेली, पावली व दोन आणे आहेत आणि खाली आणा व पै आहेत. अशरफीचा मोह प्रथमपासून सोडावा. पै, दोन पै, अर्धा आणा आणि आणा यांपासून सुरुवात करावी. चौकोनी आणा आणि मधोमध भोक असलेले दोन पै पाहून मुलांनाही गोडी लागते. हा खालचा थर पूर्ण झाला की चांदीकडे जावे.

सीमा किती ठेवावी?

विषय ठरला तरी त्याची सीमा तीन प्रकारे आखता येते. पहिला प्रकार : प्रत्येक किमतीचे एक चांगले नाणे. हा संग्रह लवकर पूर्ण होतो आणि खर्चही कमी येतो. दुसरा प्रकार : प्रत्येक सालाचे एक नाणे. यात काही साले सहज मिळतात आणि काहींसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. तिसरा प्रकार : प्रत्येक ठशाचे एक नाणे, म्हणजे अक्षरांतले बारीक फरकही जमवायचे. हा प्रकार अभ्यासू माणसाचा आहे. नवशिक्याने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी, वर्षभर करून पाहावे आणि मग पुढे जावे.

सीमा आखताना आणखी एक खूण लक्षात ठेवावी. आपला विषय एका वाक्यात सांगता आला पाहिजे. 'जुनी नाणी' हा विषय नाही. 'अहमदनगरच्या निजामशाहीचे तांब्याचे फुलूस' हा विषय आहे. बाजारात एखादी वस्तू समोर आली आणि ती आपल्या वाक्यात बसत नसेल, तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. 'स्वस्त मिळाले म्हणून घेतले' हीच पिशवीची सुरुवात असते.

ज्याच्या त्याच्या गावचा आणि धंद्याचा विषय

चारमिनार हे केवळ एक उदाहरण झाले. कोकणातल्या वाचकाला लारी हा विषय आहे. चांदीची तार दुमडून तिच्यावर ठसा मारलेले हे नाणे इराणी आखातातल्या व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर आले आणि विजापूरच्या अली आदिलशाह दुसऱ्याने (१६५६–१६७२) आपल्या नावाने पाडले. लारी पूर्ण वाचता येत नाही, कारण तारेवर ठशाचा थोडाच भाग उमटतो. चार लाऱ्या शेजारी ठेवून एक मजकूर जुळवावा लागतो, आणि त्यातच त्या विषयाची गोडी आहे. मात्र तिच्या नकला फार सोप्या आहेत, तेव्हा जाणकाराला दाखविल्याशिवाय घेऊ नये.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), दौलताबाद व बुऱ्हाणाबाद यांचे फुलूस, गुलबर्गा म्हणजे 'अहसनाबाद' आणि बीदर म्हणजे 'मुहम्मदाबाद' येथील बहमनी नाणी, औरंगाबाद म्हणजे 'खुजिस्ता बुनियाद' येथील मोगल रुपये, यांतले प्रत्येक नाव एकेक विषय होऊ शकते. आपल्या गावाचे नाणे जमविणारा माणूस गावाचा इतिहास हातात धरतो. नागरी लिपीच जवळची वाटत असेल तर शिवराई आहे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. हे तांब्याचे नाणे शिवाजी महाराजांनंतरही दीडशे वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या ठिकाणी पाडले जात होते. म्हणून अक्षरांच्या वळणाचे आणि दुदांडीसारखे प्रकार भरपूर आहेत.

नाण्यांकडे ओढा नसेल तर आपल्या धंद्याची हत्यारे व भांडी पाहावीत. धान्याच्या व्यापाऱ्याला निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही मापांची ओळ आहे. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. ओळ कोठे सुरू होते व कोठे संपते हे ठाऊक असल्याने संग्रह पूर्ण झाला की नाही हे ठामपणे सांगता येते. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढच्या काही वर्षांत शेर-छटाक बाजारातून गेले. गावोगावची पायली वेगळी होती, हे त्या मापांत पाणी किंवा तांदूळ भरून आजही मोजता येते. अशी नोंद करणारा दुकानदार अभ्यासकाच्या कामाची गोष्ट करीत असतो. अत्तरवाल्याला अत्तरदाण्या आहेत, तांबटाला ठोक्याचे हंडे आहेत, कुलूपवाल्याला कळीची कुलपे आहेत. बिदरी कामात हात असलेल्या कारागिराला जुनी बिदरी सुरई पाहून तारेचे काम आणि पत्र्याचे काम वेगळे सांगता येते. इतरांना ते पुस्तकातून शिकावे लागते.

साध्या वस्तूंतूनही केवढे काम उभे राहते, हे पुण्यात पाहावे. दिनकर केळकर हे चष्म्याचा व्यवसाय करणारे गृहस्थ. १९२० च्या सुमारास त्यांनी जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंवर त्यांचे लक्ष होते. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या घरात वस्तू आहेत. लोक ज्याला भंगार म्हणत होते, त्यातलेच ते वेचलेले आहे.

खरेदीपूर्वी आणि खरेदीनंतर

विषय ठरल्यावर लगेच बाजारात धावू नये. निदान दोन-तीन महिने नुसते पाहावे. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था व तिचे संग्रहालय आहे. खरी वस्तू डोळ्यांत बसली की खोटी आपोआप खटकते. आपल्या विषयाचे एक चांगले पुस्तक किंवा सूची मिळवावी. पहिले शंभर रुपये पुस्तकावर आणि पुढचे काट्यावर खर्च करावेत. नाण्याची पाळी त्यानंतर.

ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ असते, अंगावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात आणि वजन बहुधा चुकते. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, १६१६, १७१७ किंवा १८१८ साल घातलेली आणि देवतांची किंवा कमळाची चित्रे असलेली जी 'नाणी' विकली जातात, ती कंपनीने कधीच पाडली नाहीत. ७८६ क्रमांकाच्या नोटेचेही तसेच. तिला घेणाऱ्याच्या श्रद्धेचा भाव आहे. ती जुनी किंवा दुर्मिळ असतेच असे नाही. 'तुमचे जुने नाणे लाखात घेतो, आधी फी भरा' असे सांगणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले आहे. असा व्यवहार बँक करीत नाही.

वस्तू घेतल्यावर तिला चिंच, राख किंवा पॉलिश लावू नये. कारागिराचा हात चकचकीत करण्यासाठी शिवशिवतो, हे आम्ही जाणतो. पण नाण्यावरचा काळाचा थर गेला की किंमत गेली. प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावे. मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत तांबे हिरवे पडते. पाकिटावर पाच गोष्टी लिहाव्यात : काय आहे, वजन, कोणत्या गावी मिळाले, केव्हा घेतले, किती पैसे दिले. तीच नोंद एका वहीतही ठेवावी.

कायद्याची बाजू

१९७२ चा पुरावशेष कायदा सर्वांनी लक्षात ठेवावा. शंभर वर्षांहून जुनी नाणी व वस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते त्यात येतात. अशा वस्तू जवळ बाळगण्यास व जमविण्यास मनाई नाही. पण त्या देशाबाहेर नेता किंवा पाठविता येत नाहीत आणि त्यांचा धंदा करायचा तर परवाना लागतो. आखातातल्या नातेवाइकाला भेट म्हणून जुना मोगल रुपया सामानात देऊ नये. मूर्ती, चित्रे आणि नक्षी वा चित्रे असलेली हस्तलिखिते यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. ज्यांच्या घरी सोनेरी वेलबुट्टीची हस्तलिखित किताब आहे, त्यांनी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे चौकशी करावी.

घराचा पाया खणताना नाण्यांचे गाडगे सापडले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक आहे. लपविणे हा गुन्हा आहे. 'काल जमिनीतून निघाले' असे सांगून कोणी माती लागलेली नाणी आणली तर ती दोन्ही बाजूंनी अडचणीची असतात. खरी असतील तर कायदा आड येतो आणि खोटी असतील तर पैसे जातात.

हिशेब आणि वारसा

छंदाचा पैसा दुकानाच्या भांडवलातून काढू नये. घरखर्च, देणी आणि मालाची उधारी भागून जे उरेल, त्यातला ठरावीक भाग बाजूला ठेवावा आणि तो संपला की थांबावे. कर्ज काढून नाणे घेणे ही हौस नव्हे. सोन्या-चांदीच्या नाण्यांवर जकातीचा प्रश्नही येतो, त्याविषयी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. नाण्यांचे भाव वाढतातच, या भरवशावर राहू नये. चांगल्या, ओळखलेल्या व नोंद केलेल्या वस्तूला गिऱ्हाईक मिळते, एवढेच खात्रीने सांगता येते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. आपली वही घरातल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला वाचायला शिकवावी. कोणते नाणे काय आहे, ते कोणाला दाखवावे आणि काट्यावर का घालू नये, हे त्या वारसाला ठाऊक असले पाहिजे. पन्नास नाणी असोत, पण एका विषयाची, वाचलेली आणि लिहून ठेवलेली असावीत. ती मोडीत जात नाहीत. ज्यांच्या घरी अशी पिशवी आहे त्यांनी या आठवड्यात ती एकदा टेबलावर ओतावी आणि त्यातली कोणती दहा नाणी एका वाक्यात बसतात ते पाहावे. विषय बहुधा त्या पिशवीतच सापडेल.